चतुःसीमा

एकतीस वर्षं मी धुऱ्याचेच दावे लढलो.
हातभर सरकलेला धुरा, रात्रीतून तोडलेली बाभूळ,
सातबाऱ्यावर चुकून मेलेला भाऊ.
दर्यापूरच्या कोर्टातून माझा एकही कागद
दर्यापार गेला नव्हता.

मग पंजाब पेंटर आला.
पिशवीतून पोरीच्या लग्नाची पत्रिका काढली
आणि टेबलावर ठेवली,
खुनातला विळा ठेवावा तशी.
'मंगयवार पाहा, साहेब. मंगयवारातला थो पाहा.'

ळला दोन डोळे होते.

चाळीस वर्षं तो असाच काढत आलाय :
दोन गोल, गोलांत दोन ठिपके, वर पिसासारखी रेघ.
काळमेघांच्या जिनिंगवर, दाळ मिलवर,
पाटीच्या कोपऱ्यात इंगळे अशा सहीत.
तोंडात मात्र ळ कधी आला नाही त्याच्या,
डोयेच म्हणतो, आभायच म्हणतो, स्वतःला इंगये.
जे जिभेनं टाकून दिलं
ते ब्रशनं सांभाळलं.

पत्रिका छापणारा मूर्तिजापूरचा पोरगा म्हणाला,
हा फाँट ओहायोतल्या कंपनीचा,
एकोणचाळीस डॉलर.
मी काही विकत घेतला नाही, काका.
म्हणजे चोरीचा माल, तोही चोरून.
पंजाबला आठवली कॅमेरेवाली एक गोरी बाई,
भिंती पाहत फिरलेली.
चहा पाजला होता तिला. बिनसाखरेचा मागत होती.

वाद मांडायला बसलो.
शेत असतं तर हात आपोआप चालला असता :
पूर्वेस नाला, पश्चिमेस सोळंक्यांचा गट,
दक्षिणेस पांदण, उत्तरेस सरकारी गायरान.
ळची चतुःसीमा काय लिहू?
अलीकडे ह, पलीकडे क्ष,
वर छप्पर, खाली मोकळी भिंत.

नोटीस गेली.
पोस्टमास्तरनं ओहायोचा जिल्हा विचारला.
उत्तर आलं : वादी पंजाबचा रहिवासी आहे काय?
मी कळवलं, नाही, पंजाब स्वतःच वादी आहे.

मग : निर्मितीची तारीख सिद्ध करा.
खारपाणपट्टा आमचा.
भिंतीतून मीठ फुलतं, रंग खपल्यांनी गळतो,
जिनिंगवर आता पांढरी बुरशी आणि एका उमेदवाराचे हात.
एक टिनाची पाटी सापडली शेवटी,
गिरणीवाल्यानं कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलेली,
मागे खिळ्यानं कोरलेलं साल, एकोणऐंशी.
कोंबड्या हलवायला त्यानं दोनशे घेतले.

मग तिसरं पत्र, सर्वात छोटं :
आमच्या देशात अक्षराच्या आकाराला मालक नसतो.

समजावून सांगितलं मी,
'पंजाबभाऊ, त्याईच्याकडे अक्षर म्हणजे गायरान.
कोनाचंही ढोर चरते.'
तो नखातला निळा रंग कोरत बसला बराच वेळ.
मग म्हणाला, 'पन अक्षर नोय ना थे.
पिंगया व्हय. आमच्या मांगच्या बाभईवर बसे.
मायच्या मयतीच्या राती दोघं होते.
म्या पाहून काहाडला.'

त्या रात्री मी माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं :
वादातली वस्तू पक्षी आहे.
तिचं अक्षरासारखं दिसणं
योगायोग समजावा.

ओहायोची वकीलबाई फोनवर हसली,
वाईट नाही, बरी हसली.
लढू म्हणाली. फी आता नको,
जिंकलो तर तिसरा हिस्सा.
म्हणजे बटईनंच की.

माझी फी म्हणून पंजाबनं बोर्ड रंगवून दिला.
नाव, सनद, आणि खाली :
भेटण्याची वेळ, सकाळी अकरा.
दोन ळ. दोन्ही अजून आंधळे.
डोये निकाल लागल्यावर भरतो म्हणाला.

पक्षकार येतात, धुऱ्याचे, पांदणीचे,
बोर्डाखाली चपला काढतात.
एक म्हातारी काल वर पाहून म्हणाली,
वकीलसाहेब, हे पाखरं झोपलेत का तुमचे?
मी तारीख सांगितली तिला,
तिच्याच दाव्याची, पुढच्या महिन्यातली.